पाणघोड्याच्या पोटावरची रेघ

मढवी गुरुजींची आणि माझी पहिली ओळख झाली ती खळीवरून. पेणला नानांच्या गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करत बसले होते. दारात एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात छत्री होती, काखेत एक कापडी गुंडाळी होती. गुंडाळी कोरडी होती आणि गृहस्थ डोक्यापासून चपलेपर्यंत भिजलेले होते. स्टेशनापासून छत्री त्यांनी कुणावर धरली होती ते विचारायची गरज नव्हती.

त्यांनी फार अदबीने थोडी खळ मागितली. मी म्हटलं, खळ मिळेल, पण काय चिकटवायचं आहे ते आधी दाखवा. त्यांनी गुंडाळी गणपतींच्या मधोमध उलगडली. जुना नकाशा होता, आणि वाळवीने त्याच्या कडा खाल्ल्या होत्या.

"हा आफ्रिका खंड, मावशी," ते म्हणाले. "इथं मादागास्कर होतं. ते या पावसाळ्यात वाळवीने नेलं."

मला काही खंड दिसला नाही. मला हत्तीचा कान दिसला. मी तसं सांगितलं आणि विचारलं, की बाकीचा हत्तीही वाळवीनेच खाल्ला काय. गुरुजी इतके हसले की त्यांच्या अंगावरचं पाणी नकाशावर उडालं. मग नकाशा पुसायला माझाच फडका मागितला. त्या दिवसापासून मी त्यांची मावशी झाले. वयाने मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठी असेन, पण केस पिकलेले गृहस्थ चारचौघांत मावशी म्हणतात तेव्हा बाईमाणसाला फार म्हातारं झाल्यासारखं वाटतं, हे या निमित्ताने त्यांच्या कानावर घालून ठेवते.

गुरुजी साठीत पाऊल टाकत आहेत. गौरव समितीची मंडळी माझ्याकडे लेख मागायला आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाबांनो, माझी अक्षराशी कधी गाठ पडली नाही. मला डोळे आखता येतात, नाव लिहिता येत नाही. ते म्हणाले, पण शनिवारच्या वर्गात तुम्ही बसायचात. बसायचे हे खरं. म्हणून मी सांगते आहे आणि माझी नात रुपाली लिहिते आहे. तिला सांगितलं आहे, माझं बोलणं पुस्तकात घालताना धुऊन घाल, पण फार पिळू नको.

गुरुजी कासूचे. रोज गाडीने पेणला यायचे आणि पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायचे. शाळेतल्या मुलांचे आईबाप कुणी मिठागरावर, कुणी कारखान्यात माती मळायला, कुणी डोलवीच्या कंपनीत शिफ्टला. रुपालीचा बापही कंपनीतच. या मुलांना गुरुजी वर्षानुवर्षं त्या एका नकाशावरून आफ्रिका शिकवत आले होते. स्वतः गुरुजी मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि मुंबईलाही गेले तर संध्याकाळच्या गाडीने परत. पण नाईल नदी सांगायला लागले की असे सांगत, जणू सकाळी तिच्यात हातपाय धुऊनच आले आहेत.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा एक गोष्ट झाली. आकाशवाणीच्या बातम्यांत त्यांनी ऐकलं की झैरे नावाच्या देशाचं नाव बदललं, आता त्याला कांगो म्हणायचं. पुस्तकात झैरे, नकाशात तर त्याहून जुनं काही, आणि गुरुजींनी आदल्याच आठवड्यात मुलांकडून झैरे पाठ करून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सरळ सांगितलं की मी तुम्हाला जुनं शिकवलं, ते खोडा. आमच्या रुपालीने विचारलं, गुरुजी, बाकीची नावं तरी खरी आहेत का. दुसऱ्या कुणी गप्प बस म्हटलं असतं. गुरुजी म्हणाले, "मला ठाऊक नाही. पण बघून सांगतो."

बघणार कुठे, हा प्रश्न होता. नानांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांना मूर्तींचे फोटो दाखवायचे म्हणून नानांच्या मुलाने तो आणला होता आणि स्वतः मुंबईला नोकरीला निघून गेला होता. प्लॅस्टरची भुकटी बसू नये म्हणून त्याच्यावर नऊवारीचा तुकडा घातलेला असे. फोनची तार त्याला जोडून मुंबईला एसटीडी लावला की इंटरनेट लागतं, असं गुरुजींना कुणीतरी सांगितलं. ते नानांपुढे येऊन उभे राहिले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक-दोन तास मुलांना बसू द्याल का, फोनचा खर्च मी सोसतो. नानांनी खर्चाचा विषय बाजूला सारला आणि हो म्हणाले. नानाही याच शाळेत शिकलेले. गुरुजींना नाही म्हणायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. पुढे एकदा त्यांनी नाही म्हटलं, ते सांगतेच.

तर असा वर्ग सुरू झाला. मुलं पोत्यांवर बसायची, मागे कच्च्या गणपतींच्या रांगा, आणि मी माझी आखणी घेऊन कोपऱ्यात. वर्गात मुलं थोडी आणि गणपती फार. गुरुजींना तो माऊस आधी धरताच येईना. टेबलावरून उचलून हवेत फिरवायचे आणि बाण हलत का नाही म्हणून पडद्याकडे बघत राहायचे. मुलं म्हणाली, गुरुजी, गणपतीचं वाहन हाय, खाली ठेवा, पळल. फोन लागताना पत्र्यावर झारा घासावा तसा आवाज यायचा. तो थांबला की सगळे पुढे सरकायचे. आणि मग चित्र उतरायला लागायचं.

चित्र एकदम येत नसे. वरून खाली, दोरीने पडदा सोडावा तसं सुतासुतानं यायचं. आधी नुसतं आकाश. बराच वेळ आकाशच. मग कुठे शिंगाची टोकं, नाहीतर कानाची पाळी. मुलं कंटाळली असती, पण गुरुजींनी त्या उशिराचाच धडा केला. प्रत्येकाने सांगायचं, काय येतंय. मात्र त्यांचा एक नियम होता आणि तो ते अजून सोडत नाहीत. "आधी काय दिसलं ते सांग. काय वाटलं ते नंतर." कुणी हरीण म्हणालं की ते विचारत, हरीण दिसलं का तुला? नाय गुरुजी, शिंगं दिसली. मग शिंगं म्हण.

लाइन तर पुन्हा पुन्हा तुटायची. अर्धा जिराफ उतरला की फोन मेला. मुलं हळहळायची. एका शनिवारी गुरुजींनी कारखान्यातली शाडू मागून घेतली आणि मुलांना म्हणाले, दिसला तेवढा करा, उरलेला मनाने करा. मुलं कारागिरांच्या घरातली, हात चालणारच. जनावर तयार झालं की गुरुजींनी आमचा माती कापायचा दोरा घेतला आणि जिथे चित्र तुटलं होतं तिथे जनावराभोवती फिरवून हलकी रेघ उठवली. रेघेच्या वरचं पाहिलेलं, खालचं मानलेलं. पुढच्या शनिवारी उरलेलं चित्र उतरलं की खालची माती काढायची, नीट करायची, ओल्या बोटाने रेघ बुजवायची. जिराफाला मुलांनी आधी गाढवाचं मागलं अंग दिलं होतं. खरं चित्र आलं तेव्हा पाठ उतरती निघाली. मुलं स्वतःच्या गाढवाला हसली आणि गुरुजी त्यांच्यासोबत हसले. चुकलं म्हणून कुणाच्या पाठीवर रेघ उठली नाही, ती मातीवरच राहिली.

प्रत्येक मुलाला त्यांनी एकेक देश वाटून दिला होता. रुपालीला टांझानिया. आपला देश आला की त्या मुलाने पुढे बसायचं आणि घरच्यासारखी विचारपूस करायची. तिथं पाऊस कधी, भात होतो का, शाळा किती लांब. एकदा सेनेगल नावाच्या देशाची पाळी होती. चित्र उतरलं तर आकाशाखाली गुलाबी पाणी. मुलं म्हणाली रंग बिघडला. मग पांढरे ढीग उतरले, आणि मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. मी हातातला कुंचला ठेवला आणि उठून पुढे गेले. लग्नानंतर माझी उमेदीची वर्षं मिठागरावर गेली आहेत. पाटीखाली मान कशी धरतात ते मला कुणी सांगायला नको.

"ह्या कुठल्या गो बाया?" मी विचारलं.

"सेनेगलच्या," गुरुजी म्हणाले. "त्या तळ्यात मीठ धरतं." आणि खुर्चीवरून उठले. "मावशी, तुम्ही इथं बसा. आज तुम्ही सांगा, आम्ही विचारतो."

त्या दिवशी मी गुरुजींच्या खुर्चीवर बसून मीठ कसं खरवडतात, टाचा कशा फुटतात, चुंबळ कशाची करतात, सगळं मुलांना सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून त्या बायांच्या डोक्यावर चुंबळ आहे का ते शोधलं. होती, कापडाची. मला फार बरं वाटलं. इतक्या लांब कुणी मान सांभाळून चालते आहे, हे ठाऊक नसतानाही मी जगलेच असते, पण ठाऊक झाल्यापासून ती बाई माझ्या ओळखीची झाली.

आता तो शनिवार सांगते. शिमगा झाला की मंडळं मूर्तींच्या ऑर्डरी द्यायला लागतात आणि कारखान्यात फोनला विसावा नसतो. कॉम्प्युटरला आणि फोनला तार एकच. एक चालू की दुसरा बंद. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्या दिवशी आम्ही सगळेच विसरलो, कारण पाणघोडा उतरत होता. आधी पाणी. मग दोन कान. मग दोन डोळे आणि नाकपुड्या. आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा पाण्यापासून सुरुवात, पुन्हा डोळ्यांपाशी तुटली. मुलं म्हणाली एकदाच गुरुजी, आणि गुरुजींना ते एकदाच कितीदा झालं ते कळलं नाही. ज्या माणसाने जन्मात कधी गाडी चुकवली नव्हती, त्यांची त्या दिवशी कासूची गाडी गेली. चित्र काही आलं नाही. मुलांनी पाण्याखालचं मनाने केलं. आमच्या खाडीत डोळे-कान वर काढून जी बसते ती म्हैस, म्हणून मुलांनी म्हशीचं अंग केलं, म्हशीचे पाय केले, गोंड्याची शेपटी लावली, आणि गळ्याखाली दोऱ्याची रेघ ओढली.

आणि तिकडे रोह्याच्या मंडळाचे भाऊ दुपारपासून फोन फिरवत होते. दरवर्षीची त्यांची मोठी मूर्ती नानांकडूनच जायची. फोन एंगेज, एंगेज, एंगेज. भाऊ तापट. संध्याकाळी त्यांनी ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला दिली.

सोमवारी नानांना हे कळलं. त्यांनी कॉम्प्युटरवर तो नऊवारीचा तुकडा ओढला आणि ऑफिसला कुलूप घातलं. गुरुजी आले तेव्हा नाना ओरडले नाहीत, त्याचंच मला भय वाटलं. "गुरुजी, तुमच्यापुढं बोलू नये. पण त्या मूर्तीवर माझ्या माणसांचा अर्धा सीझन होता. आता वर्ग नाय."

नाना खोटं बोलत नव्हते. त्या माणसांत मीही होते. गुरुजी म्हणाले, चूक माझी आहे. त्यांनी मुलांचं नाव घेतलं नाही, लाइनचं घेतलं नाही. पुढच्या शनिवारी मुलं शाळा सुटल्यावर सवयीने आली आणि कुलपापुढे उभी राहिली. गुरुजींच्या निवृत्तीला आता थोडेच महिने होते. सगळा जन्म ज्या खंडाच्या कडेकडेने ते फिरले, त्याच्या आत त्यांना कुठे जरा जायला मिळालं होतं, आणि दार लागलं. मुलांना त्यांनी घरी पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मावशी, उद्या माझ्याबरोबर रोह्याला येता? तुमच्या डोळ्यांना तिथं मान आहे." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना मान असेल, गुडघ्यांना नाही. पण गेले.

गाडीत गुरुजी मांडीवर टोपली घेऊन बसले होते. मुलांनी केलेली जनावरं त्यांनी बरोबर घेतली होती. जिराफाची मान टोपलीबाहेर आलेली. नागोठण्याला चढलेल्या एका कोळणीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, ह्यांचं बरं हाय ना. मी म्हटलं, मास्तर हायती. तिला तेवढं पुरलं.

भाऊंचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक नव्हतं, एका बाकावर इस्माईलचाचा पेपर वाचत बसले होते. हे चाचा जन्मभर बोटीवर खलाशी होते. भाऊंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. म्हणाले, फोन उचलायला वेळ नाय, ऑर्डर मागायला आलात व्हय.

"ऑर्डर मागायला नाही आलो," गुरुजी म्हणाले. "नानांचा दोष नव्हता, हे सांगायला आलो. फोन मी अडवला होता. मुलांना पाणघोडा बघायचा होता."

भाऊंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गुरुजींनी टोपलीतून पाणघोडा काढला आणि मांजरपाटाच्या ताग्यावर ठेवला. भाऊंनी तो चारही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, ही म्हैस हाय.

"वर पाणघोडा आहे. रेघेच्या खाली म्हैस आहे," गुरुजी म्हणाले. "तिथं लाइन तुटली. पुढचं आम्ही पाहिलेलं नाही."

भाऊंचा राग कुठे ठेवावा ते भाऊंना कळेना. तेवढ्यात चाचांनी पेपर खाली ठेवला. मोंबासाला बोट बरेच दिवस थांबली होती तेव्हा ते आत देशात गेले होते आणि त्यांनी पाणघोडा काठावर उभा पाहिला होता. ते म्हणाले, अरे, पाय असे नाहीत, आखूड, मुसळासारखे, आणि पोट जमिनीला लागेल असं. गुरुजींनी तिथल्या तिथे भाऊंकडून पाणी मागितलं, माती भिजवली, आणि दुकानाच्या काउंटरवर चाचांच्या सांगण्याबरहुकूम पाय केले. शेपटीशी आल्यावर चाचा थांबले. पाणघोडा त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. शेपटी दिसली नव्हती.

"मग तिथं रेघ," गुरुजी म्हणाले, आणि गळ्याखालची रेघ बुजवून त्यांनी पोटाच्या मागे नवी ओढली. चाचांना ती रेघ इतकी आवडली की गोंड्याची शेपटी चूकच आहे, असं ते अजून म्हणतात, पण पैज लावत नाहीत.

भाऊ आता हसत होते. म्हणाले, मूर्तीचं काय करायचं, मी तर शब्द दिलाय दुसरीकडं, पण तो फिरवता येईल. आणि इथे गुरुजींनी जे केलं ते मी या पुस्तकात मुद्दाम घालायला सांगते आहे. हातची गेलेली ऑर्डर समोर चालून आली होती. गुरुजी म्हणाले, "नको भाऊ. त्या कारखान्यातही माणसं कामाला लागली असतील. शब्द फिरवू नका."

मी मनात कपाळावर हात मारला. असा भला माणूस टोपलीसकट गाडीतून खाली ढकलावा वाटतो. पण मला तोंड आहे. मी विचारलं, भाऊ, यंदा देखावा काय. भाऊ म्हणाले, बघू, काहीतरी. मी म्हटलं, म्हणजे परत कापसाचा हिमालय. दरवर्षी तोच कापूस, म्हातारा झाला बिचारा. गणपती हत्तीच्या तोंडाचा, त्याला एकदा हत्तींच्यात बसवून बघा की. भाऊंनी टोपलीकडे बघितलं. चाचांनी भाऊंकडे बघितलं. गुरुजी घाबरून माझ्याकडे बघत होते, कारण जंगलभर जनावरं करायची म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक होतं.

अशी आफ्रिकेच्या देखाव्याची ऑर्डर नानांच्या कारखान्याला आली. जनावरं, झाडं, मागचा पडदा, सगळं आमच्याकडे. मूर्तीइतकं नाही, पण माणसांना सीझनभर काम झालं. आणि जनावरं करायची तर ती आधी बघायला हवीत. नानांनी कुलूप काढलं, नऊवारीचा तुकडा झटकला आणि गुरुजींना म्हणाले, आता फोन अडवा, आपल्याच कामाचा हाय. तरी गुरुजींनी नियम केला. एक चित्र झालं की तार काढायची, फोन मोकळा ठेवायचा, वाजला तर घ्यायचा, मग दुसरं चित्र. मुलंही तो पाळायला शिकली. पुढे गुरुजी निवृत्त झाले, शाळेत हारतुरे झाले, आणि त्याच शनिवारी दुपारी ते कासूहून गाडीने पुन्हा आले. मी विचारलं, निवृत्त झालात ना. तर म्हणाले, शाळेतून झालो, झेब्रा राहिलाय.

आमच्या दोघांचं भांडण झालं ते डोळ्यांवरून. सगळ्या जनावरांचे डोळे मी आखले. सिंहाचे, हत्तीचे, लांब पापण्यांच्या जिराफाचे. पाणघोड्याचे आखले नाहीत. आमच्याकडे मूर्ती पुरी झाल्याशिवाय डोळे आखत नाहीत, ते सगळ्यात शेवटी. पाणघोड्याची शेपटी अजून मानलेली होती. गुरुजी म्हणाले, मावशी, त्याचे डोळे तर आपण सगळ्यात आधी पाहिलेत, तेवढंच तर पक्कं आहे. मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी ऐकलं नाही. मुलंही दोन्ही बाजूंनी वाटली गेली. शेवटी गुरुजी म्हणाले, कारखाना तुमचा, रीत तुमची. पाणघोडा तसाच बिनडोळ्यांचा, पोटावर रेघ असलेला, रोह्याला गेला.

मागच्या गणपतीत रोह्याला तो देखावा झाला. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. दुसऱ्या कारखान्याची सुरेख मूर्ती मध्यभागी, आणि भोवती आमच्या मुलांचं रान. मुलं आपापल्या देशाशी उभी. लोक रांगेने यायचे आणि मुलं त्यांना सांगायची. एका पोक्त गृहस्थांनी झैरेबद्दल मी अमुक वाचलंय म्हटलं तर एक चिमुरडी म्हणाली, "झैरे नाय काका, आता कांगो. पुस्तकात अजून जुनं हाय." कुणी विचारलं या मुक्या जनावराला डोळे का नाहीत आणि पोटाला ही चीर कसली. तेव्हा रुपालीने सांगितलं, रेघेच्या अलीकडचं आम्हाला ठाऊक आहे, पलीकडचं नाही, तुम्ही पाहिलं असेल तर सांगा. मोठी माणसं वाकून शेपटी बघायची. काही तर घरी जाऊन विचार करून दुसऱ्या दिवशी परत आली. गुरुजी मात्र मंडपात कुठे दिसेनात. मी शोधलं तर रांगेत सगळ्यात मागे, छत्री घेऊन, इतरांसारखे दर्शनाला उभे.

त्यानंतर कितीतरी पाणघोडे पडद्यावर उतरले. पण जो तो एकतर पाण्यात बसलेला, नाहीतर समोरून जांभई देणारा. फोटो काढणारे मागून कधी जातच नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असेल. रुपालीच्या वर्गाने टांझानियातल्या एका शाळेला कॉम्प्युटरवरून पत्र पाठवलं आहे. त्यात शेपटीचं विचारलं आहे, आणि तुमच्याकडे म्हशी पाण्यात बसतात का तेही. उत्तर अजून आलेलं नाही. दर शनिवारी उघडून बघतात. गुरुजी आता कासूलाही असा वर्ग सुरू करायचं म्हणतात, आणि नानांनी जुना कॉम्प्युटर त्यासाठी द्यायचं कबूल केलं आहे. तो पाणघोडा देखाव्यानंतर गुरुजींच्या घरी फळीवर बसलेला आहे. त्याच्या शेजारी वाळवीने खाल्लेला नकाशा, माझ्या खळीने चिकटवलेला.

समितीचं म्हणणं असं, की सत्काराच्या दिवशी मी व्यासपीठावर येऊन त्या पाणघोड्याचे डोळे आखावेत. कल्पना छान आहे, फोटोही छान येईल. पण मी येणार नाही, म्हणजे जेवायला येईन, डोळे आखायला येणार नाही. जे पुरं झालं त्याचे डोळे आखायचे असतात. पाणघोड्याचं अजून यायचं आहे, आणि गुरुजींचंही.

तेव्हा गुरुजी, तुमच्या साठीला मी दोऱ्याने नुसती रेघ ओढते. वरचं आम्ही पाहिलं. खालचं सावकाश, सुतासुतानं उतरू द्या, आम्हाला घाई नाही. तुमची तब्येत धडधाकट राहो, दम कमी न होवो, कासूची गाडी तुम्हाला रोज मिळो आणि शनिवारी मात्र एखादवेळी चुको. मुलांचं उत्तर येईल, कुठूनतरी शेपटी दिसेल, त्या दिवशी मला हाक मारा. मी कुंचला घेऊन येईन. त्यासाठी मलाही तेवढं थांबावं लागेल, तेव्हा गणपतीकडे तुमच्यासाठी मागताना माझ्यासाठीही थोडं मागून घेतलं आहे.